रिकाम्या कॅमेऱ्यातले चौदा मनोरे

१

“मॅडमजी, इसमें रील है ही नहीं.”

रामावतारजींनी काळ्या कापडी पिशवीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि कॅमेरा काचेच्या टेबलावर ठेवला. मागचं झाकण सताड उघडं, आत नुसता काळा पोकळ डबा. जयपूरच्या चौड्या रस्त्यावरचा हा फोटो स्टुडिओ एवढा अरुंद होता की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला स्टुलावरून उठताही येत नसे. तरी या वेळी मालक उठला आणि त्याने मीनाक्षीबाईंच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. बाईंचा चेहराच तसा झाला होता.

“असं कसं होईल?” बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळी मी स्वतः चौदा फोटो काढलेत. टोंक रोडवर. आकडा छत्तीसवर आला, मग थांबले.”

“हवा के फोटो खींचे आपने,” रामावतारजी हळूच म्हणाले.

मीनाक्षीबाई काही रडूबाई नव्हेत. विमा कंपनीच्या दावे विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई ती. गोदाम जळलं की जाळलं, हे राख चिवडून सांगायची तिची ख्याती. भल्याभल्या व्यापाऱ्यांना तिने घाम फोडलेला. पण तो रिकामा डबा त्या पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून बघत होत्या. गेलेला ऐवज कुणा तिऱ्हाइताचा नव्हता, त्यांच्या नवऱ्याचा होता.

त्या रोलवरचे पहिले बावीस फोटो श्रीधररावांनी काढलेले होते. आयुष्यातले शेवटचे.

२

एकोणनव्वद साली श्रीधररावांची बदली जयपूरला झाली आणि सहा वर्षं ही जोडी बापूनगरात राहिली. तेव्हाचं जयपूर म्हणजे काय सांगावं! पाच मजली इमारत दिसली तरी श्रीधरराव सायकल थांबवायचे आणि रशियन कॅमेरा डोळ्याला लावायचे. लोक हवामहल बघायला यायचे, आणि हा माणूस बांबूच्या परांच्या लागलेल्या अर्धवट बिल्डिंगा टिपायचा. “अगं, महाल तर आहेतच, ते कुठे जातायत? हे वाढतंय ते बघ,” असं म्हणायचा. बाई मागच्या कॅरियरवर. उन्हाळ्यात दोघं मटक्यातली कुल्फी खात घरी यायची. आहाहा, काय दिवस होते.

मग पुणे. मग निवृत्ती. मग आजार. शेवटच्या पाच महिन्यांत श्रीधरराव गप्प गप्प झाले. चिडत नव्हते, भांडत नव्हते, नुसते बोलत नव्हते. रोज संध्याकाळी कॅमेरा गळ्यात घालून एकटेच बाहेर पडायचे. “मी येते,” म्हटलं की मान हलवायचे, नको. दीड तासाने परत. कुठे गेला होतात? उत्तर नाही. पस्तीस-चाळीस वर्षं जिने सगळीकडे सोबत केली तिलाच शेवटी बाहेर ठेवलं, हा सल बाईंना त्यांच्या जाण्याहून जास्त टोचत होता. तो माणूस कुठे जात होता, कुणाकडे जात होता, हे सांगणारी एकच गोष्ट जगात उरली होती, ती म्हणजे कॅमेऱ्यातला अर्धा रोल.

वर्षभर कॅमेऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. मग ठरवलं, उरलेले चौदा फोटो जयपुरात काढायचे. त्यांनी पाच मजली टिपल्या, आपण आता पंचवीस मजली टिपायच्या, आणि तिथेच रोल धुवायचा. वसंतरावांना फोन केला. श्रीधररावांचे जुने स्नेही, बँकेतून निवृत्त झाले आणि बापूनगरातच राहिले. बायको अलका चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा-सून बंगळुरूला. घरात आजोबा आणि आर्किटेक्चर शिकणारी नात सलोनी. “वहिनी, दसऱ्यालाच या,” वसंतराव म्हणाले. “श्रीधर गेल्यापासून दसऱ्यात काही राम नाही.”

दसऱ्याची संध्याकाळ कशी छान गेली होती! सीमोल्लंघन म्हणून बाई, सलोनी आणि वसंतरावांचा पुतण्या संकेत टोंक रोडने चालत निघाले. वसंतराव गुडघ्यांची सबब सांगून घरी राहिले. काचेचे मनोरे संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेले, मधूनच सांगानेरला उतरणारं विमान त्यांच्या डोक्यावरून घरंगळत जाई, आणि मैदानांतून रावण उभे. सलोनी म्हणाली, “मीनाक्षीआजी, रावणापेक्षा बिल्डिंग ऊँची झाली मतलब विकास.” बाई खदखदून हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. चौदा मनोरे, चौदा फोटो.

आणि आज रामावतारजी म्हणतात, हवेचे.

“कुणीतरी गर्दीत काढून घेतला असेल?” बाईंनी विचारलं.

रामावतारजींनी कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावरची छोटी चावी दाखवली, रोल परत गुंडाळायची. तिची दांडी एका बाजूला दुमडलेली. ते समजावून सांगू लागले. आत रोल असला तर प्रत्येक फोटोनंतर पट्टी पुढे सरकते, आणि ही चावी आपोआप थोडीथोडी फिरते. रोल नसेल तर जागची हलत नाही.

“कल चाबी घूम रही थी क्या?”

बाईंनी बघितलं नव्हतं. पण बघणारं कुणीतरी होतं. सलोनीने काल दर दोन मिनिटांनी त्यांचा फोटो काढला होता, मोबाइलवर.

३

सलोनी कॉलेजातून थेट स्टुडिओत आली. फोन टेबलावर ठेवला आणि तिघं त्याच्यावर वाकले. पहिला मनोरा, बाईंच्या हातात कॅमेरा, चावीची दांडी बाईंच्या नाकाकडे. चौथा मनोरा, नाकाकडे. चहाच्या टपरीशी कॅमेरा दोन मिनिटं संकेतच्या हातात होता, त्याच्या आधीही नाकाकडे, नंतरही नाकाकडे. चौदाव्यालाही तेच.

“म्हणजे घरातून निघतानाच रोल नव्हता,” बाई म्हणाल्या. “आणि परवा पुण्याहून आले त्या रात्री झोपतानाही होता. चावीला हळूच ताण देऊन बघितला होता मी, ह्यांनी शिकवलं होतं तसा. मग गेला तो दसऱ्याच्या सकाळी. घरातून.”

सलोनीचा चेहरा उतरला. घरातून म्हटल्यावर माणसं किती उरतात?

रामावतारजींनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक, या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की फोटोंचा आकडा धाडकन शून्यावर येतो. पण काल टोंक रोडवर पहिला फोटो काढताना आकडा बावीसवर होता, बाईंनी चष्मा लावून पाहिला होता. म्हणजे रोल काढणाऱ्याने झाकण लावून, खटका ओढून, बटण दाबून, असं बावीस वेळा केलं होतं, कुणाला संशय येऊ नये म्हणून. दुसरी गोष्ट, डबा आतून लख्ख होता. वर्षभर कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यात धुळीचा कण नाही. कुणीतरी मऊ ब्रश फिरवला होता.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. एकतीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे चोर पाहिले. जाताना घर झाडून जाणारा एकही पाहिला नव्हता.

रिक्षात बसल्यावर त्यांनी सलोनीला विचारलं, “काल सकाळी पाटावर कॅमेरा कुणी ठेवला?”

पाट म्हणजे पूजेचा. दसऱ्याला घरातली हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, हा वसंतरावांचा नेम जयपुरात पन्नास वर्षं राहूनही सुटला नव्हता.

“मी नाही ठेवला, सच्ची,” सलोनी म्हणाली. “मी आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं मांडलं. कैची, माझा कटर, लॅपटॉप, आजोबांचं पेन, अडकित्ता. कॅमेरा तेव्हा हॉलमध्ये शेल्फवर होता. सकाळी मी आंघोळ करून आले तर पाटावर. मला वाटलं तुम्हीच ठेवला.”

“मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते.”

“आणि संकेतकाका आले होते. झेंडू घेऊन.” सलोनीने जीभ चावली. “मतलब, मी त्यांचं नाव नाही घेत आहे.”

“घे की. नाव घेतल्याने कुणी चोर होत नाही. तूही परवा मला विचारलं होतंसच, झाकण उघडून आतले फोटो बघता येतात का म्हणून.”

सलोनीचे डोळे भरले. “तुम्ही म्हणालात, उजेड लागला तर सगळं जळून जाईल. त्यानंतर मी त्याला हातपण नाही लावला, आजी. भीती वाटली मला.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. पण मनातलं नाव खोडलं नाही. नातं वेगळं आणि तपास वेगळा.

४

संकेत संध्याकाळी आला तो तणतणतच. जुन्या आणि नव्या जयपूरच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि परवा त्याने बाईंकडे दोनदा तो रोल मागितला होता. बाईंनी दोनदा नाही म्हटलं होतं.

“काकू, मागितला तो तोंडावर मागितला,” तो म्हणाला. “चोरायचा असता तर मागितला कशाला असता?”

“सकाळी हॉलमध्ये किती वेळ होतास?”

“अर्धा तास. तोरण बांधत होतो. शेल्फवर कॅमेरा होता का, ते आठवतसुद्धा नाही. आणि मला रोल काढायचा असता ना, तर आधी चावीने गुंडाळून डबीत घेतला असता आणि मग झाकण उघडलं असतं. चार सेकंदांचं काम. वर ब्रशने साफसफाई कशाला करत बसेन मी?”

खरं होतं. वसंतराव आतल्या खोलीत होते, जेवायलाही आले नव्हते, पोट ठीक नाही म्हणाले. संकेत आणि सलोनी समोर बसले होते, एकमेकांकडे न बघता. एका डबीपायी या घरातली दोन माणसं एकमेकांना चोरट्या नजरेने बघायला लागली, याचंही बाईंना वाईट वाटलं.

रोलचं माहीत कुणाला होतं? या दोघांनाच. परवा चहाच्या वेळी बाईंनी सांगितलं तेव्हा वसंतराव देवळात गेले होते. पूजेपर्यंत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी एवढ्याचसाठी त्यांना हिशेबातून वगळलं होतं. आणि इथेच, बाईंच्या लक्षात आलं, आपलं गाडं चुकलं.

रोल आहे हे ज्याला ठाऊक, तो उजेडात झाकण उघडणार नाही. सलोनी भीतीने उघडणार नाही, संकेत समजून उघडणार नाही. ब्रश घेऊन, निर्धास्तपणे, आतला डबा पुसायला उघडील तो ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस. पण कुणाचाही कॅमेरा असा उघडतो का कुणी?

मग त्यांना आठवलं. बापूनगरातले ते सहा दसरे. श्रीधरराव कॅमेरा घेऊन याच घरी पूजेला यायचे, आणि येण्याआधी रोल संपवून काढून ठेवायचे. दोन-चार फोटो उरले असले तर आदल्या दिवशी गच्चीवर चढून समोरच्या टाक्यांवर उडवायचे. “पूजेला हत्यार रिकामं हवं,” असा त्यांचा स्वतःचाच एक नियम. मग वसंतराव तो उघडायचे, दाढीच्या ब्रशने आतून पुसायचे, आणि श्रीधरराव शेजारी बसून सूचना करायचे. जयपुरातल्या कुणालाही न कळणारी ही गंमत दोन मित्रांची होती.

आणि काल सकाळी पुऱ्या लाटताना आतल्या खोलीतून येत होती ती खट्-खट्! बाईंना वाटलं होतं, वसंतराव सुपारी कातरतायत. किती वेळ कातरतायत, असंही वाटलं होतं. पण अडकित्ता आदल्या संध्याकाळपासून पाटावर होता. पाटावर मांडलेलं हत्यार पूजा होईपर्यंत वसंतराव उचलणं शक्य नाही. सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.

मीनाक्षीबाई उठल्या आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या.

“वसंतराव, बावीस वेळा खटका ओढून बोट दुखलं असेल तुमचं.”

खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. “वहिनी,” एवढंच म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला.

५

काळ्या फडक्यात गुंडाळलेली डबी अलकाच्या शिवणाच्या पेटीत होती.

“श्रीधरचा कॅमेरा दसऱ्याला कधी भरलेला नसायचा हो,” वसंतराव सांगत होते. सलोनी आणि संकेत दारात उभे होते. “म्हटलं, तो नाही तर मीच पुसावा. उघडला आणि बघतो तर आत पट्टी. लगेच झाकण मिटलं, पण उजेड लागायचा तो लागलाच. गुंडाळून काढला, म्हटलं रामावतारला गुपचूप दाखवू, काही वाचलं असलं तर सांगू. नेमाप्रमाणे आत ब्रश मारला, आणि तोवर तुम्हाला कळू नये म्हणून उघडण्याआधी पाहिलेला बावीसचा आकडा पुन्हा लावून ठेवला. आणि मग संध्याकाळी सलोनीने सांगितलं, त्यात श्रीधरचे शेवटचे फोटो होते. तुम्ही हसत घरी आलात. चौदा मनोरे टिपले म्हणालात. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

बाईंना राग आला. खूप आला. गुडघ्यांची सबब सांगून हा माणूस घरी बसला आणि मला रिकामा डबा घेऊन टोंक रोडभर नाचू दिलं. “सकाळीच सांगितलं असतंत तर मी रडले असते, आणि मग आपण दोघं मिळून रडलो असतो,” त्या म्हणाल्या. “या पोरीवर मी दिवसभर संशय घेतला, वसंतराव. या संकेतवर घेतला. त्याचं काय?”

वसंतरावांनी संकेतपुढे हात जोडले. संकेतने ते पटकन धरून खाली केले आणि म्हणाला, “काका, राहू द्या. आधी रोल धुवायला देऊ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघंही चौड्या रस्त्यावर. जागा नव्हती म्हणून सलोनी आणि संकेत बाहेर फूटपाथवर उभे राहिले. रामावतारजी आतल्या अंधाऱ्या खोलीतून ओली पट्टी चिमट्यात धरून आले. पट्टी बाहेरच्या बाजूने काळीठिक्कर पडली होती. पण रोल आपल्यावर आपण गुंडाळत जातो, पहिले फोटो सगळ्यात आत असतात, त्यांच्यापर्यंत उजेड पोचला नव्हता.

“सात बचे हैं,” ते म्हणाले. तासाभराने त्यांनी सात ओलसर कागद काचेवर मांडले.

मीनाक्षीबाईंनी चष्मा पुसला. पहिल्या फोटोत संध्याकाळ, कुठल्याशा रस्त्याचा कोपरा, आणि मागे एक उंच इमारत. दुसऱ्यात भाजीच्या गाड्या, त्यांच्या वरून तीच इमारत. तिसऱ्यात नदीवरचा पूल आणि लांबवर तीच. चौथ्यात शाळेची भिंत. बाईंना आधी काही उमजेना. मग ओळख पटली आणि त्यांनी सातही कागद जवळ ओढले. ती त्यांचीच सोसायटी होती, पुण्यातली. प्रत्येक फोटोत आठव्या मजल्यावर एक खिडकी उजळलेली, बाकीचा मजला काळोखा. श्रीधरराव बाहेर पडले की दिवेलागणीला बाई त्याच खिडकीत उभ्या राहायच्या, वाट बघत. सातव्या फोटोत, नखाएवढी, उभी असलेली त्यांची आकृतीसुद्धा दिसत होती.

“कुठे जायचा?” वसंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “घराभोवती फिरत होते. मी कुठून कुठून दिसते ते बघत होते. तोंडाने सांगायला काय झालं होतं मेल्या माणसाला!” आणि मग एकतीस वर्षं राख चिवडणारी ती बाई त्या एवढ्याशा स्टुडिओत मोठ्याने रडली. रामावतारजींनी शटर अर्धं खाली ओढलं.

बऱ्याच वेळाने वसंतराव म्हणाले, “पंधरा माझ्यापायी गेले, वहिनी.”

“गेले,” बाईंनी नाक पुसलं. “त्या पंधरांचा राग मी पुण्याला गेल्यावर सावकाश करीन, फोन उचलत जा. आता उठा. सलोनीला हाक मारा, आणि रामावतारजींना नवा रोल घालून द्या म्हणावं. चौदा मनोरे परत काढायचेत, आणि या वेळी गुडघ्यांचं काही ऐकणार नाही मी.”

वसंतराव काठी शोधू लागले. बाईंनी सातही फोटो पर्समध्ये ठेवले, मग पुन्हा बाहेर काढले आणि हातातच धरून बाहेर रस्त्यावर आल्या.